द्राक्षाचा माग आणि पैशाचा माग

निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या बागेतला घड नेदरलँड्समधल्या दुकानात पोचला, तर डब्यावरच्या क्रमांकावरून तो कोणत्या प्लॉटमधून आला हे शोधता येते. ही सोय २००६ पासून आहे आणि ती ब्लॉकचेनवाचून चालत आली आहे. त्याच बागेतला लोकल माल परराज्यातल्या व्यापाऱ्याने जागेवर तोडून नेला, चेक दिला आणि तो वटला नाही, तर त्या पैशाचा माग काढायला शेतकऱ्याला पोलीस ठाणे गाठावे लागते. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तक्रारींची रीघ लागली. पुरवठा साखळीत ब्लॉकचेन आणण्याविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते नाशिकमध्ये बसून वाचताना हे दोन माग शेजारी शेजारी ठेवावे लागतात. फळाचा माग आपण काढू शकतो, पैशाचा नाही. आणि ब्लॉकचेनची बहुतेक सादरीकरणे मात्र फळाचाच माग पुन्हा एकदा काढून दाखवतात.

तंत्र थोडक्यात असे. व्यवहाराची वही एकाकडे न ठेवता तिच्या सारख्या प्रती सगळ्या भागीदारांकडे असतात. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा सांकेतिक ठसा गुंफलेला असतो. मागची नोंद कुणी गुपचूप बदलली तर पुढचे ठसे जुळेनासे होतात आणि चोरी उघडी पडते. २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची मांडणी झाली ती एकमेकांना मुळीच न ओळखणाऱ्या लोकांसाठी होती. पुरवठा साखळीत तसे नसते. शेतकरी, पॅकहाऊस, निर्यातदार, शिपिंग कंपनी, आयातदार हे सगळे एकमेकांना ओळखतात, पुष्कळदा नको इतके ओळखतात. म्हणून इथे परवानगीने चालणारी साखळी वापरली जाते. आत कुणाला घ्यायचे, लिहायचे कुणी, कुणी काय वाचायचे, हे आधी ठरवून. हे कुणी ठरवायचे, इथे पहिली कुरबूर सुरू होते आणि ती मिटवणारे सॉफ्टवेअर अजून निघालेले नाही.

या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात वॉलमार्टचा आंबा येतो, तेव्हा तो इथेही उरकून टाकू. कापलेल्या आंब्याचे एक पाकीट कोणत्या बागेतले, हे शोधायला जुन्या पद्धतीने ६ दिवस १८ तास २६ मिनिटे लागली. आयबीएमच्या ब्लॉकचेनवर तेच उत्तर २.२ सेकंदांत मिळाले. आकडा झकास आहे. पण तो वेळ वाचला कशामुळे? मधल्या प्रत्येकाने आपली माहिती आधीच एका साच्यात भरून ठेवली होती म्हणून. ती भरायला लावण्याची ताकद वॉलमार्टकडे होती. २०१८ मध्ये रोमेन लेट्यूसमधून जिवाणूंचा संसर्ग पसरल्यावर कंपनीने पालेभाज्यांच्या पुरवठादारांना पत्र धाडले की सप्टेंबर २०१९ पर्यंत या यंत्रणेत या. अशा सहभागाला सहकार्य म्हणायचे की हुकूम, हा प्रश्न तिथे फारसा विचारला गेला नाही, कारण माल घेणारा एकच आणि देणारे अनेक होते.

नाशिकच्या द्राक्षाने हाच रस्ता पंधरा वर्षे आधी धरला होता. २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याची हाकाटी युरोपात झाली आणि निर्यात धोक्यात आली. त्यातून अंश-तपासणीचा कार्यक्रम उभा राहिला. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्याची संदर्भ प्रयोगशाळा झाली. युरोपीय संघाच्या २००२ च्या १७८ क्रमांकाच्या नियमाने अन्नव्यवसायातल्या प्रत्येकाला आपला माल कुणाकडून आला आणि कुणाकडे गेला हे सांगता येणे बंधनकारक केले होते. या दोन्हींच्या रेट्यातून २००६ मध्ये अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेचे ग्रेपनेट, म्हणजे द्राक्षाच्या प्लॉटचा माग ठेवणारे जाळे, आले.

त्याची चाल पाहण्यासारखी आहे. निर्यातीसाठी ठेवलेल्या बागेची कृषी खात्याकडे दरवर्षी नोंद करायची. प्लॉटला क्रमांक मिळतो. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो आणि निकाल थेट यंत्रणेत चढवतो. नमुना पास झाला तरच त्या प्लॉटचा माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये निर्यातीसाठी घेता येतो. पुढे अ‍ॅगमार्क, मग वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीची नोंद लागते, ती नसेल तर पुढचे पान उघडतच नाही. एकमेकांशी स्पर्धा करणारे निर्यातदार, दोन सरकारांची खाती, खासगी प्रयोगशाळा आणि हजारो बागायतदार एका यंत्रणेत आले ते कुणाच्या भाषणाने नव्हे. बाहेर राहिले तर कंटेनर निघत नाही, आणि आत आले तर माहिती प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडत नाही, या दोन गोष्टींची खात्री होती म्हणून ते आले. वही अपेडाकडे आहे. अपेडा द्राक्षे विकत नाही. म्हणजे सर्वांना चालेल असा त्रयस्थ वहीधारक इथे आधीच होता, आणि तो असला की ब्लॉकचेनची निम्मी गरज संपते. ग्रेपनेटला ब्लॉकचेनची जोड देण्याचा मनोदय अपेडाने २०२१ च्या सुमारास जाहीर केला. त्याने बिघडणार काही नाही. पण जी वही कुणी फाडल्याची तक्रारच नाही तिला पोलादी पुठ्ठा घालण्यासारखे ते आहे.

वही चोख असूनही साखळी कशी कोसळते, याचा धडा नाशिकने २०१० मध्ये घेतला. वेलीची वाढ रोखून घड चांगला निघावा म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड, बोलीत सीसीसी, वापरत होते. युरोपात या रसायनाची द्राक्षातली मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हते. नमुने पास होत गेले, प्रमाणपत्रे निघत गेली, कंटेनर रवाना झाले आणि तिकडच्या प्रयोगशाळांनी ते रसायन शोधून काढले. माल बंदरांत अडकला, भाव पडले, कित्येक निर्यातदार आणि बागायतदार त्या एका हंगामात बसले. त्या वर्षी ग्रेपनेटवरची एकही नोंद खोटी असायची गरज नव्हती. विचारायचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, इतकेच. नोंद बदलता येत नाही, हा ब्लॉकचेनचा मोठा गुण. पण न केलेल्या नोंदीपुढे तो गुण काय करणार? सीसीसीचे नाव यादीत यायला हवे, हे सांगायला युरोपातला नियम वाचणारा माणूस, बागेत काय फवारले जाते हे ठाऊक असलेला माणूस आणि यादी करणारा अधिकारी यांचे वेळेत बोलणे व्हावे लागते. संकटानंतर ते होऊ लागले आणि तपासणीची यादी लांबत गेली.

नोंद आणि वस्तुस्थिती यांच्यातली फट हा या विषयावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा येणारा मुद्दा आहे. संगणकाच्या आतला भाग कितीही भक्कम केला तरी बाहेरून आत माहिती टाकणारा माणूसच असतो. ज्याने बाग केली आहे त्याला फवारणीची डायरी पुष्कळदा कधी लिहिली जाते हे माहीत आहे: तपासणीस येणार असल्याचा फोन आल्यावर. नमुना एका प्लॉटचा आणि क्रेटमध्ये शेजारच्या बांधापलीकडचे चार घड, हेही अशक्य नाही. अशी नोंद ब्लॉकचेनवर गेली तर ती कायमची गेली, एवढाच फरक.

पण इथे दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या गॉट्स या संस्थेने भारतातल्या सेंद्रिय कापसातला मोठा बनाव उघड केला. सुमारे २०,००० टन कापसाची व्यवहार-प्रमाणपत्रे खोटी होती, आणि त्यांवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत होती. प्रमाणपत्र खरे की खोटे हे पाहायला गेलेला माणूस थेट भामट्याच्या घरात पोचत होता. अशा ठिकाणी प्रमाणपत्राची नोंद अनेकांकडे असणे, आणि कुणालाही ती आपल्याकडच्या प्रतीवरून पडताळता येणे, याचा उघड उपयोग आहे. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले गेले, त्याचेही प्रयोजन हेच. कागदाची खोटी प्रत पकडणे हे ब्लॉकचेनला जमते. कापूस खरोखर सेंद्रिय आहे का, हे पाहायला मात्र शेतातच जावे लागते.

सहकार्याच्या बाबतीत सगळ्यात महागडा धडा समुद्रावर मिळाला. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स सुरू केले. कंटेनरमागे फिरणाऱ्या कागदांच्या चळतीऐवजी सर्वांना दिसणारी एक सामाईक नोंद, अशी कल्पना. तंत्र चालत होते. पण मर्स्कच्या प्रतिस्पर्ध्यांनी आपली माहिती मर्स्कच्या घरातल्या यंत्रणेत का टाकावी? २०१९ मध्ये एमएससी, सीएमए सीजीएम, हापाग-लॉइड अशा मोठ्या कंपन्या आत आल्या खऱ्या, तरी संशय पुरता गेला नाही. तिकडे चीनच्या कॉस्कोसह इतरांनी जीएसबीएन नावाची निराळीच मोट बांधली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्स्कने ट्रेडलेन्स गुंडाळत असल्याचे जाहीर केले आणि कारण साधे दिले: साऱ्या उद्योगाचे जे सहकार्य हवे होते ते मिळाले नाही. त्याच सुमारास बँकांनी मिळून उभारलेल्या वुई-ट्रेड आणि मार्को पोलो या व्यापार-पतपुरवठ्याच्या यंत्रणाही बुडाल्या. एवढे पैसे, एवढे अभियंते, आणि अडले ते सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत अडते तिथेच: सत्ता कुणाकडे आणि हिशेब कोण पाहणार.

या पडझडीत एक प्रयोग चालला, आणि नाशिकच्या दृष्टीने तो आंब्याच्या पाकिटापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. वॉलमार्टच्या कॅनडातल्या शाखेचे मालवाहतूकदारांशी बिलांवरून सतत वाद चालायचे. ट्रक किती वेळ थांबला, डिझेलचा अधिभार कोणत्या दिवसाचा, तापमान किती होते, यांच्या दोघांकडच्या नोंदी निराळ्या. ७० टक्क्यांहून अधिक बिले वादात अडकत. सत्तरेक वाहतूकदारांना घेऊन सामाईक ब्लॉकचेन उभी केल्यावर वादातल्या बिलांचे प्रमाण २ टक्क्यांच्याही खाली आले. इथे ग्राहकाला गोष्ट सांगायची नव्हती. दोन्ही बाजूंचा पैसा अडकला होता, दोघांकडे वेगवेगळ्या वह्या होत्या आणि दोघांनाही मान्य असा तिसरा कुणी नव्हता. वाहतूकदाराला माहिती देण्याच्या बदल्यात बिल लवकर मिळत होते. माहिती वर गेली आणि पैसा खाली आला. अशा वेळी कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता हे नाशिकच्या व्यवहारावर ठेवून पाहू. युरोपला गेलेल्या द्राक्षात शेतकऱ्याची माहिती पानोपानी वर जाते: प्लॉट, छाटणीची तारीख, फवारण्या, तपासणीचा निकाल. खाली येते ती हिशेबाची पट्टी, बऱ्याच वेळा काही महिन्यांनी. तिच्यात माल उतरल्यावर कुजका निघाला म्हणून इतकी कपात, असा एक आकडा असतो. ती कूज बागेतल्या पावसामुळे झाली, प्रीकूलिंगला उशीर झाला म्हणून झाली, की रीफर (शीत) कंटेनर मधेच तापला म्हणून झाली, हे शेतकऱ्याला दिसत नाही. निर्यातदारालाही प्रत्येक वेळी दिसते असे नाही. आयातदार फोटो पाठवतो तेवढ्यावर भागवावे लागते. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवास लांबला. लांबलेल्या दिवसांचा भार कुणी किती सोसायचा? कंटेनरमधल्या तापमापकाची नोंद, पॅकिंगची वेळ, जहाजाची वेळ, तिकडच्या गोदामातला तपासणी अहवाल आणि शेवटचा विक्रीदर, हे सगळे शेतकऱ्यासकट सर्वांना दिसणाऱ्या एका ठिकाणी असते, तर निदान भांडण कशावरून आहे ते तरी कळले असते. इथे अपेडासारखा त्रयस्थ नाही, कारण साखळीचा हा तुकडा देशाबाहेर आहे. ब्लॉकचेनला खरे काम इथे आहे. मात्र आयातदार आपला विक्रीदर दाखवायला सहजासहजी तयार होणार नाही, आणि निर्यातदारही आपला आयातदार कोण हे शेजारच्या निर्यातदाराला कळू देणार नाही. कोणत्या रकान्यावर कुणाची नजर जाईल हे ठरवणे, यात खरा घाम आहे.

लोकल मालाची कथा आणखी वेगळी. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला. द्राक्षाचा सौदा त्याआधीही बागेतच व्हायचा. दर तोंडी ठरतो, वजन काटा व्यापाऱ्याचा, उरलेले पैसे माल विकल्यावर. लेखी सौदापावती नसते, मग फसवणुकीची फिर्याद टिकवणे अवघड जाते. तंत्रज्ञानवाले इथे आपोआप पैसे वळते करणाऱ्या कराराचे स्वप्न दाखवतात: वजन झाले की रक्कम खात्यात. पण त्यासाठी व्यापाऱ्याची रक्कम आधीच बँकेत अडकवून ठेवावी लागते, आणि हा सारा धंदा फिरत्या भांडवलावर, पुढच्या बाजारातल्या उधारीवर चालतो. नसलेला पैसा कोणताही करार वळता करू शकत नाही. होऊ शकते ते याहून लहान: लेखी सौदा, आणि कोणत्या व्यापाऱ्याने मागच्या हंगामांत किती दिवसांत पैसे चुकते केले याची बागायतदारांना दिसणारी सामाईक नोंद. ती ठेवायला द्राक्ष बागायतदार संघासारखी संस्था आहे. अडचण अशी की रागाच्या भरात टाकलेली खोटी तक्रार ब्लॉकचेनवर पुसता येत नाही, म्हणजे दुरुस्तीची आणि खुलाशाची सोय आधी बांधावी लागेल. खोट्या नोंदीने एखादा प्रामाणिक व्यापारी बाद झाला तर उद्या त्या भागात माल घ्यायला येणाराच एक कमी होईल.

कांद्याबद्दल थोडक्यात. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची. तिथे उघड लिलाव होतो, काटापट्टी मिळते, पैसे लगेच चुकते करण्याचे नियम आहेत. वहीचा तुटवडा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात बंदीच आली. एप्रिल २०२४ मध्ये हमाल-मापाऱ्यांच्या लेव्हीवरून जिल्ह्यातल्या समित्या बंद पडल्या. यांतले काहीही नोंदीच्या अभावाने झाले नाही. नाफेडच्या खरेदीत शेतकऱ्यांच्या नावावर व्यापाऱ्यांचा कांदा घातल्याच्या तक्रारी झाल्या, तिथे मात्र सातबारा, पीकपेरा, काटा आणि बँक खाते एकमेकांशी जुळवणारी उघडी नोंद कामाला येईल. ती ब्लॉकचेनवरच हवी असे नाही.

राज्यात ब्लॉकचेन खऱ्या व्यवहारात उतरली ती गोदामांत. राज्य वखार महामंडळाच्या पावतीवर राज्य सहकारी बँकेकडून कर्ज देण्याची सोय २०२० मध्ये व्हर्ल या कंपनीच्या ब्लॉकचेनवर सुरू झाली. एकाच पावतीवर दोन बँकांतून कर्ज उचलणे हा जुना रोग. पावतीची नोंद महामंडळ आणि बँक दोघांना एकाच वेळी दिसली की त्याला आळा बसतो, आणि शेतकऱ्याला वखारीच्या दारातून बँकेत खेटे घालावे लागत नाहीत. तीन पक्ष, एक कागद, प्रत्येकाचा स्वार्थ स्पष्ट. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्याला याचा फायदा. नाशिकचा कांदा चाळीत सडतो आणि द्राक्ष थांबत नाही, म्हणून इकडे त्याचा गवगवा झाला नाही.

नाशिकने विश्वासाचा प्रश्न सोडवल्याचे खरे उदाहरण शोधायचे तर मोहाडीला जावे लागते. विलास शिंदे यांच्या सह्याद्री फार्म्सची घडण २०१० च्या सीसीसी संकटानंतरची. शेतकरीच भागधारक, त्यांचीच कंपनी, तिचेच पॅकहाऊस आणि तिचीच निर्यात. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये घातले. प्लॉटपासून कंटेनरपर्यंतची नोंद तिथे आहे, पण शेतकरी ती नोंद प्रामाणिकपणे का भरतो, याचे उत्तर संगणकात नाही. कपात कुठे झाली हे विचारायचा हक्क त्याला भागधारक म्हणून आहे. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, सहकारी संस्थांना एकत्र करून महाग्रेप्स उभी राहिली ती हाच हक्क मिळवायला. साखळीतले दुवे एकाच मालकीत आणले की त्यांच्यातला अविश्वास आपोआप कमी होतो. अर्थात सगळा जिल्हा एका कंपनीत मावणार नाही आणि मावूही नये. जे बाहेर आहेत, लहान निर्यातदारांना माल देतात, त्यांच्यासाठी सामाईक वहीचा प्रश्न उरतोच.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२९ साठीचे महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. त्यात शेतमालाचा माग काढणारी राज्यव्यापी यंत्रणा उभारण्याचे म्हटले आहे. ती नाशिकमध्ये येईल तेव्हा बागायतदारांनी पहिल्याच बैठकीत तिचा फॉर्म मागवून घ्यावा आणि रकाने मोजावेत. शेतकऱ्याने भरायचे किती आणि त्याला वाचायला मिळणार किती. पॅकहाऊसमध्ये छाटून काढलेला माल, कंटेनरचे तापमान, उतरल्यानंतरचा अहवाल आणि पैसे जमा झाल्याची तारीख यांतले कोणते रकाने आहेत. चुकीची नोंद दुरुस्त करायचा अर्ज कुणाकडे करायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळणार. नियम ठरवणाऱ्या समितीत बागायतदार संघाच्या खुर्च्या किती, हेही त्याच बैठकीत विचारावे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की मग कुणाला वेळ नसतो.